वळणापर्यंतचा आवाज

गंजाची ती खपली तळहातावर ठेवली तेव्हा ती एखाद्या जुन्या पुस्तकाच्या कोपऱ्यासारखी वाटली, तशीच तपकिरी, बोट लावलं की भुगा होणारी… आणि पितांबरनी बोट लावलं नाही. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात असली पानं जपायची सवय. पण हे तर सायलेन्सरचं पत्र्याचं कवच होतं, ते जपून काय करायचं?

"नाना, फेका ते," गाडीखालून नवल मिस्त्रीचा आवाज आला. "तुमच्या फियाटचा सायलेन्सर म्हणजे चाळणी झाली होती. पूर्ण पिंप्राळ्याला कळत असेल, नाना दूध आणायला निघाले!"

पितांबर हसले, न हसणं बरं दिसलं नसतं. कळायचंच. गाडी चालू केली की गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या आणि ते मान खाली घालून क्लच सोडायचे. एकाहत्तर सालची गाडी, हळू बोलणारा मालक, आणि असा आवाज — जणू त्यांनी जन्मभर न बोललेलं सगळं ती मागच्या नळीतून ओरडून सांगत होती.

म्हणून हे नवं काम. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत स्टीलचा पाइप, जुन्यापेक्षा थोडा रुंद — "इंजिनाला मोकळा श्वास घेता येईल," नवल म्हणाला होता — नवा सायलेन्सर, आणि पितांबरच्या हट्टाखातर त्याच्या पुढे आणखी एक छोटा डबा. त्याने आवाज जवळजवळ नाहीसा होणार होता. "इतकी शांत गाडी कशाला पाहिजे?" असं नवलने विचारलं, तेव्हा वयाचं कारण सांगितलं. खरं कारण त्यांना स्वतःलाही नीट माहीत नव्हतं… की होतं?

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला बहिणीला माहेरी आणायला भावाने मुऱ्हाळी म्हणून जायचं, आणि धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या अक्काला आणायला पितांबर दरवर्षी याच गाडीने जायचे. अक्का पंचाहत्तरीची झाली तरी. अक्का मागच्या सीटवर बसून वाटभर आखाजीची गाणी म्हणायची आणि पितांबरची बायको लता इकडे पुरणपोळीचा घाट घालून दारात उभी असायची. पण मागच्या वर्षी दारात लता नव्हती. ती थंडीतच गेली होती. आणि पितांबर गेले तेही अक्काच्या गल्लीच्या वळणापर्यंतच — तिथे गाडी थांबवली आणि मनात आलं, हिला नेऊन करू काय? हिची ओटी कोण भरील? माझ्या घरात पुस्तकांशिवाय आहे काय? पाच मिनिटं इंजिन धडधडत राहिलं, मग त्यांनी गाडी वळवली. घरी येऊन फोन केला, अक्का, गाडी बिघडली गं…

नवलने गाडी सुरू केली. खोल, दबका, अनोळखी आवाज. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अक्का.

"हाऊ कोनी गाडीना आवाज शे रे?"

"माझ्याच गाडीचा, अक्का. दुरुस्तीला आणलीय."

"तुनी नई शे. तुनी गाडी मी झोपमा बी वळखस." मग भाजी काय केली असं विचारावं तितक्या सहज ती म्हणाली, "मांगना साले तू उना व्हता. वळणलोंग उना नि परत गया. मी वट्टावर पिशवी भरीसन बठेल व्हतू."

पितांबरनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्याने चुकीचं ऐकलं होतं.

"अक्का, मी…"

"माले राग नई उना. लता नई, भाऊ एकला. त्याले लाज वाटनी व्हई, म्हनतं. ठेव आते. मिस्त्री खोळंबना व्हई."

आखाजीचं तिने विचारलंच नाही. म्हणजे वर्षभर ती दर आठवड्याला फोन करत होती, गोळ्या घेतल्या का विचारत होती, गाडी कशी बिघडली होती हे मात्र एकदाही नाही… आणि मी? मी कशासाठी हा दुसरा डबा बसवत होतो — खिडक्यांच्या लाजेसाठी, की यंदाही वळणावरून परत फिरलो तर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून?

"नवल," ते म्हणाले, "तो छोटा डबा काढता येईल का?"

"आत्ताच तर बसवला, नाना!"

"काढ. गाडी आली हे कळलं पाहिजे."

"तुम्ही साडी खरेदीला आल्यासारखं करताय," नवल कुरकुरला आणि पुन्हा गाडीखाली सरकला.

पण कळून तरी काय? हा आवाज अक्का ओळखत नाही. डोळे अधू, ओट्यावर बसलेली, तिला वाटेल आली कोणाची तरी गाडी… म्हणजे वळणावर पोचल्यावर मलाच सांगावं लागणार. भर दुपारी, चार घरांना ऐकू जाईल असं. पुरणाचं काय, ओटीचं काय — ते तिलाच विचारता येईल, वाटेत; एवढं सुचायला वर्ष लागलं. की ऐन वेळी पुन्हा…? खपली अजून मुठीत होती आणि मुठीत तिचा भुगा झाला होता. त्यांनी तो झटकला.

"अक्का," ते पुटपुटले. फार हळू झालं.

"मला काही म्हणालात, नाना?"

"नाही," पितांबर म्हणाले, घसा खाकरला, आणि पुन्हा म्हणून पाहिलं — या वेळी जरा मोठ्याने.