एवढंसं स्वादुपिंड

हात कापतो म्हणे माझा! बावीस वर्षं या प्रयोगशाळेत बेडूकमासे चिरतेय, केसाहून पातळ काप काढतेय, आणि काल आलेली डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत म्हणते, "मावशी, तुमच्या हातून स्वादुपिंड तुटतंय. अर्धंअधिक पाण्यात वाहून जातंय." नाकाला मिरच्याच झोंबल्या माझ्या.

बेडूकमाशाला पुढचे पाय फुटले की त्याची शेपटी झडायला लागते, तो खाणं सोडतो. मोठ्या सरांच्या मोजमापांच्या जुन्या तक्त्यात त्या दिवसांतही स्वादुपिंड चांगलं भरलेलं होतं. मी काढलेलं निघालं जेमतेम पाचवा हिस्सा. एकदा नाही, सलग सहा वेळा! सर निवृत्त झाले, पण त्यांचा तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग चूक कुणाची? माझीच की! संचालकसाहेबांनी सांगून टाकलं, "शुक्रवारी सरांसमोर एक अख्खं काढून दाखवा. नाहीतर सोमवारपासून बाटल्या धुवायच्या."

शुक्रवारी टाकीत पुढचे पाय फुटलेला एकच जीव होता. सर काठी टेकत आले. मला या कामाला त्यांनीच लावलेलं. "घाबरू नकोस गं," म्हणाले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कारण एक गोष्ट मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी, सरांच्या त्या तक्त्यासाठी काढतानाही असंच एवढंएवढंसं निघायचं. वाटलं, मीच फाडतेय. माझ्या आधीच्या पोरीला असल्याच एका तुकड्यापायी सरांनी घरी बसवलं होतं. मी ते तुकडे गुपचूप बेसिनमध्ये सोडले, पाय न फुटलेले बेडूकमासे चिरले, आणि बाटलीवर चिठ्ठी मात्र पाय फुटल्याची लावली. म्हणजे फाडायची खोड माझी तेव्हापासूनचीच? आज सातव्यांदा फाटलं की खेळ खलास.

गुंगीच्या पाण्यात तो निपचित पडला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, समोरच्या भिंगातून डॉक्टरीणबाई बघत होती. पोटावर कात्री चालवली. हात स्थिर होता. आतडं आखडून इवलंसं झालेलं. म्हटलं, आज स्वादुपिंडाला चिमटा लावायचाच नाही. जठर, आतड्याचं तोंड, यकृताची कड, सगळं एकत्र उचलायचं. एक धागा ताणला गेला. मी श्वास रोखला. धागा सुटला. सगळं जसंच्या तसं बशीत उतरवलं.

स्वादुपिंड होतं. तांदळाच्या कणीएवढंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं सुईनं ते एकदा उलटलं, पुन्हा उलटलं.

"अहो, काहीतरी बोला की!" मी ओरडलेच.

"फाटलेलं नाही," ती म्हणाली. "आवरण अख्खं आहे, नळी आतड्याला जोडलेली आहे. हे मुळात आहेच एवढं! बेडूकमाशाचं स्वादुपिंड मोडतं आणि त्यातूनच बेडकाचं नवं उभं राहतं. जुनं घर पाडून त्याच जागी, त्याच विटांनी नवं बांधावं तसं. आपण बरोबर मधल्या दिवसांत बघतोय. मावशी, चुकलं माझं."

मी नाचायला हवं होतं. पण तिनं सरांकडे वळून हळूच विचारलं, "मग तुमचा तक्ता, सर?"

सरांनी चष्मा काढला. "मोजायला चुकलो असणार मी," ते म्हणाले. "दुसरं काय? इतकी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं."

आता मी नुसतं गप्प बसले असते तरी भागलं असतं. काम वाचलं होतं, नाव वाचलं होतं. आणि मी बेसिनमध्ये सोडलेला एकेक तुकडा अख्खा होता, हे आता मला कळलं होतं. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

"तुम्ही बरोबरच मोजलंत, सर," मी म्हटलं. "बाटल्यांतलंच खोटं होतं. चिठ्ठ्या मी बदलल्या. वाटलं, तुकडा बघून तुम्ही मला काढून टाकाल."

सरांनी चष्मा पुसला, परत घातला.

"काढलंच असतं," ते म्हणाले.