पाचव्या अध्यायात अडकलेला चिमटा

दोन जबडे, एक स्प्रिंग आणि नको तितक्या चौकशा, असा मी लाकडी चिमटा बोलतोय. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. लहानपण गॅलरीतल्या दोरीवर गेलं, त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते बघायची खोड अंगात मुरलीय. कोणाचा मोजा फाटलाय, कोणाकडे पाहुणे तळ ठोकून बसलेत, कोण कोणाशी बोलत नाही, दोरीवरून सगळं कळतं. मी मुद्दाम बघत नाही हो. दिसतं, त्याला मी काय करणार?

माझी मालकीण तळमजल्यावर कपडे शिवते. सगळे तिला शिवणताई म्हणतात. तिची सख्खी धाकटी बहीण त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. पण वर्षभर दोघींचा अबोला होता. जिन्यात समोरासमोर आल्या, की एक भिंतीकडे बघायची आणि दुसरी पर्समध्ये डोकं घालून न हरवलेली किल्ली शोधायची.

झालं काय, तर धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाचा पांढरा झगा अर्थातच मावशीनं, म्हणजे ताईनं शिवायला घेतला. घालून बघताना तो काखेत दाटला. तेव्हा धाकटी व्याह्यांसमोर बोलून गेली, "ताईचा हात आता पूर्वीचा राहिला नाही." ताईनं टाचण्या गोळा केल्या. बाही सैल करायला म्हणून झगा खाली आणला, एक बाही उसवली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तसाच वर पाठवून दिला. एका बाहीचा! आणि स्वतः डोकं दुखतंय म्हणून लग्नाला गेली नाही. तेव्हा मी दोरीवर होतो. डोकंबिकं काही दुखत नव्हतं.

पुढे एका ओल्या रजईनं माझी स्प्रिंग ढिली केली आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. साखरेच्या पिशवीचं तोंड मिटायचं काम. मुंग्या अंगावरून जा-ये करायच्या. पण तिथून ताईचं टेबल दिसायचं, म्हणून मी तक्रार केली नाही.

त्या टेबलावर तिचं बायबल असे. दरवर्षी नव्या वर्षाला ताई पहिल्या पानापासून वाचायला घ्यायची. मोठ्या झोकात! जगाची निर्मिती, जलप्रलय, सगळं झटपट. मग कुठल्या जनावराची कुठली चरबी कशी जाळायची ते नियम आले, की हिचं घोरणं सुरू. जग किती वेळा निर्माण झालं त्याला गणतीच नाही, पण देवानं लोकांना कबूल केलेल्या वचनदत्त देशात ताई एकदाही पोचली नाही.

एकदा चर्चमधल्या निवृत्त नर्सबाई स्कर्ट सैल करून घ्यायला आल्या. ताईनं त्यांच्यापाशी या अर्धवट वाचनाचं रडगाणं गायलं.

"अगं, अख्खं भांडं तोंडाला लावतेस, मग ठसका लागणारच," नर्सबाई म्हणाल्या. "मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायापासून घे, येशूचा उपदेश आहे तिथून. रोज चार ओळी. वाचण्याआधी प्रार्थना कर आणि मग तीन प्रश्न विचार. इथे काय लिहिलंय? ते मला काय सांगतंय? आणि आज मी काय करू?"

"एवढंच?"

"एवढंच. पण तिसऱ्याचं उत्तर करून दाखवल्याशिवाय खूण पुढे सरकवायची नाही." असं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला साखरेवरून उचललं. "हा घे."

मंडळी, अशी बढती कोणाला मिळालीय?

सुरुवात झकास झाली. दयेबद्दल वाचलं, त्या दिवशी ताईनं सामान पोचवणाऱ्या माणसाच्या पिशवीची चेन फुकट बसवून दिली. मी पुढे. मग एक भाग आला आणि गाडी रुतली. देवाला अर्पण घेऊन आलायस आणि मध्येच भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं काहीसं. ताईनं भराभर वाचलं, घसा खाकरला आणि पुस्तक मिटलं.

त्यानंतर तिनं काय काय केलं म्हणून सांगू! जुना कोट कोणाला तरी देऊन टाकला. चर्चचे पडदे धुऊन काढले. एकदा तर मला गुपचूप दोन पानं पुढे लावलं. मग कपडा कापता कापता उठली आणि लाल चेहऱ्यानं मला परत जागेवर आणून बसवलं.

नर्सबाई स्कर्ट न्यायला आल्या. "चिमटा अजून इथेच?"

"हवा दमट आहे. पानं चिकटलीत."

"पानं की पाय?"

ताई उसळली. "मीच का जायचं? सगळ्यांसमोर माझ्या हाताला नावं ठेवली तिनं! तरी मी मनातून केलीय तिला क्षमा. अजून काय करू?"

"पहिला प्रश्न काय होता?"

"काय लिहिलंय."

"मग ते वाच. तुला वाटतंय ते नको."

ताईनं चष्मा चढवला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. मध्येच थांबली. पुन्हा वाचलं. "म्हणजे... माझ्या मनात तिच्याविषयी काही असेल तर, असं नाहीच हे. तिच्या मनात माझ्याविषयी काही असेल तर, असं आहे."

नर्सबाईंनी स्कर्टची घडी घातली.

"बाही," ताई पुटपुटली.

त्या गेल्यावर ताईनं मला पानावरून काढलं, हातात धरलं आणि जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यावरून एकदा परत फिरली, दाराला कुलूप लागलंय का बघायला. लागलं होतं. वर पोचेपर्यंत मला दाबून दाबून तिनं माझा जीव घेतला.

दार धाकटीनंच उघडलं. "काय गं?"

"ती बाही मी मुद्दामच लावली नाही. वेळ होता माझ्याकडे."

"माहितीये मला. तुला काय वाटलं, मी विसराळूपणा समजले?"

"पण तूसुद्धा सगळ्यांदेखत..." ताईचा पट्टा सुरू होणार, तेवढ्यात तिचं बोट माझ्या जबड्यात सापडलं. ते आपोआप झालं की मी केलं, हे विचारू नका. "आई गं!" ती कळवळली आणि एकदम शांत झाली. "चुकलं माझं. पोरीचा दिवस होता तो."

"भर उकाड्यात शाल पांघरून उभी होती बिचारी. नवरा विचारतोय, हिला ताप आहे का?"

ताईला हसू फुटलं. धाकटीलाही फुटलं, पण तिनं ते लगेच आवरलं. "शालीचं सोड. प्रत्येक जण मला विचारत होता, मावशी कुठाय? काय सांगायचं मी?"

ताईनं उंबरठ्यापाशी पडलेलं पायपुसणं पायानं सरळ केलं.

"फोटो दाखवतेस?" ताईनं विचारलं. "सगळे. शालीसकट."

धाकटी दारातून बाजूला झाली. लगेच गोडीगुलाबी झाली असं नाही. फोटो दाखवताना ती मधूनमधून टोमणे मारतच होती आणि ताई ते मुकाट्यानं खात होती. एका फोटोपाशी ताईनं डोळ्यांना बाही लावली. मी पहिल्यांदाच दुसरीकडे बघितलं.

खाली आल्यावर तिनं मला पुढे लावलं. आता माझा एक पाय काळा पडलाय, स्प्रिंग गंजलीय, पण रोजचं काम आहे आणि सोबतीला माणसं आहेत. तुमच्याही घरात एखादा चिमटा पडला असेलच. त्याला पुस्तकात जागा द्या. तो काही शिकवणार नाही, फक्त तुम्ही कुठे अडलात ते लपवू देणार नाही.

सध्या माझा मुक्काम, 'हो' म्हणाल तर त्याचा अर्थ हो असू द्या, या भागावर आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला याहून अवघड भाग नाही. थांबा हं, धाकटी उसवलेला ब्लाउज घेऊन खाली आलीय. मला ऐकू द्या.

"कधी देतेस, ताई?"

"उद्या नक्..." ताईची नजर माझ्याकडे गेली. "शनिवारी." पुन्हा माझ्याकडे. "पुढच्या."

धाकटीनं पटकन तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं वाटतंय ना गं तुला?"