बाणाच्या विरुद्ध

ट्रक विकला तेव्हा व्हर्लिन घरात नव्हता. मुद्दामच नव्हता. घेणारा माणूस अंगणातून ट्रक काढेपर्यंत तो चर्चच्या तळघरात खुर्च्या दुरुस्त करत बसला आणि गाडीचा आवाज लांब गेल्यावरच घरी आला. त्या ट्रकमागे ओढायचा मोठा ट्रेलर आठवडाभर आधीच गेला होता.

जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय लवकर सावरले, जिभेचा जडपणाही गेला. त्याची मुलगी क्रिस्टी सू फॉल्सहून आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अटी घालून गेली. एवढं मोठं धूड आता ओढायचं नाही. जायचंच असेल तर हलका ट्रेलर घ्या, आणि तो ओढायला मध्यम चणीची गाडी. आणि दोघंच जायचं नाही, कोरिन मावशीला बरोबर न्यायचं. कोरिन म्हणजे मी, व्हर्लिनची बायको अर्डिथ हिची धाकटी बहीण. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून घरच्या अटींमध्ये मला सहज बसवता येतं.

जायचं होतंच. डोंगरातल्या तळ्याकाठच्या कॅम्पवर व्हर्लिन आणि अर्डिथ दर उन्हाळ्यात यजमान असत. पगार नाही. फाटकाजवळची पहिली जागा हंगामभर फुकट मिळते आणि त्या बदल्यात आल्यागेल्याला जागा दाखवायची, सरपण विकायचं, छोट्या गाडीतून फेऱ्या मारायच्या. जागेपुढच्या पाटीवर दोघांची नावं लागतात. निवृत्त झाल्यावर व्हर्लिनपाशी तेवढंच एक काम उरलं होतं. यंदा रेंजर बाईने फोनवर सांगितलं होतं, या, पण तुम्हाला बघूनच पाटी लावीन. डोळ्यांची तपासणी जूनमध्ये ठरली होती आणि कॅम्प मेअखेर उघडत होता. व्हर्लिन म्हणाला, तपासणी कुठे पळून जात नाही.

निघायच्या दिवशी मी सकाळचं स्तोत्र वाचून बाहेर आले. ते झाल्याशिवाय मी कॉफी घेत नाही. व्हर्लिन सामान लावत होता. जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे ठेवायच्या, मागे टाकल्या तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, हे तो मला दर वर्षी सांगे, तसं याही वर्षी सांगितलं. गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर बसवला, साखळ्या खालून फुलीसारख्या ओवल्या. हात अजिबात चुकत नव्हते. गाडीची पाठ जराशी दबली. ती पाहून तो म्हणाला, ट्रकने एवढ्याची दखलही घेतली नसती.

मिझुरी नदी ओलांडल्यावर वारा लागला. हलका ट्रेलर उंच असतो, त्याला वारा लगेच धरतो. व्हर्लिनने वेग कमी ठेवला, उजवी लेन सोडली नाही. मोठे ट्रक डावीकडून पुढे जायचे तेव्हा प्रत्येक वेळी तो दचकायचा, जणू ते ट्रक रस्त्यावर येत नव्हते, एकदम उगवत होते. अर्डिथ त्याच्याकडे न बघता म्हणायची, मागून एक येतोय हं. मग तो दचकत नसे.

दुपारी रस्त्याकडेच्या विसाव्यावर जेवलो. अर्डिथने प्रत्येकाच्या ताटलीत हॅमचं सँडविच कापून दोन बाजूंना ठेवलं होतं, मध्ये बटाट्याचं सॅलड. व्हर्लिनने उजवीकडचा तुकडा खाल्ला, उजवीकडचं सॅलड खाल्लं आणि हात पुसले. अर्डिथने त्याच्याशी हवेबद्दल बोलता बोलता एका बोटाने ताटली फिरवली. मग त्याने उरलेलं खाल्लं. तिने ते इतक्या सवयीने केलं की मला कळलं, हे आजचं नाही. तो हात धुवायला गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, त्याला डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्याला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते, अशा माणसांना बऱ्याचदा ते कळतच नाही. मी म्हटलं, मग गाडी? ती म्हणाली, माहीत नसलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागली.

उरलेल्या रस्त्याला मी मागच्या सीटवर बसून जेवढी स्तोत्रं पाठ होती तेवढी मनात म्हटली. डोंगर आले, पाइन आले, तळं आलं.

कॅम्पचा रस्ता एकदिशा आहे. फाटकातून आत आलं की फाट्यावर बाण उजवीकडे जायला सांगतो. सगळा वळसा घ्यायचा आणि शेवटी फाटकाजवळ परत यायचं, तिथे डाव्या हाताला यजमानाची जागा. चालक डावीकडे बसतो, त्यामुळे डाव्या हाताच्या जागेत ट्रेलर मागे घेणं सोपं. डावा आरसा डोळ्यांसमोर, खिडकीतून मान काढली की सगळं दिसतं. व्हर्लिन मोठा ट्रेलर तिथे एका दमात घालायचा आणि अर्डिथ मागच्या डाव्या कोपऱ्यावर उभी राहून हात हलवायची. उन्हाळ्याची सुरुवात त्यानेच व्हायची.

आम्ही पोचलो तेव्हा जुनी मंडळी खुर्च्या टाकून बसलेलीच होती. कुणी ट्रेलर मागे घेत असताना तिथे सगळे बसून पाहतात आणि पाहत नसल्यासारखं दाखवतात. चालक स्वतः खाली उतरेपर्यंत कुणी उठत नाही, सल्ला देत नाही. उठणं हा अपमान समजतात. व्हर्जिल हाउक नावाचा व्हर्लिनचा जुना मित्र पुढेच बसला होता, कॉफीचा कप गुडघ्यावर. रेंजर शॉना पाटी काखेत धरून पहिल्या जागेपाशी उभी होती.

फाट्यावर व्हर्लिन थांबला. क्षणभर दोन्ही हात स्टीअरिंगच्या चाकावर ठेवून बसला. मग बाणाच्या विरुद्ध, डावीकडे वळला.

तसं आलं की यजमानाची जागा उजव्या हाताला येते. त्या बाजूने ट्रेलर मागे घ्यायचा तर फक्त उजव्या आरशाच्या भरवशावर घ्यावा लागतो. ट्रेलर ओढणारा कुणीही आपणहून तसं करत नाही. शॉनाने बाणाकडे बोट दाखवलं. व्हर्लिन म्हणाला, त्या बाजूची पाइनची फांदी खाली आलीय. सगळ्यांनी फांदीकडे पाहिलं. फांदी होती तिथेच होती, वर. व्हर्जिलने कप खाली ठेवला. अर्डिथ उतरली आणि मागे जाऊन तिच्या नेहमीच्या कोपऱ्यावर उभी राहिली. व्हर्लिनने हाक मारून सांगितलं, तिथे नको, उजवीकडे उभी राहा.

ती जागची हलली नाही. मी मागच्या सीटवरून तिचा चेहरा पाहत होते. मग ती उजवीकडे गेली.

आखूड ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो. मोठा हळू वळतो, आखूड लगेच दुमडतो. पहिल्यांदा तो दुमडला. व्हर्लिनने पुढे घेऊन सरळ केला. पुन्हा दुमडला. तिसऱ्यांदा ट्रेलरचा कोपरा सरपणाच्या ढिगाजवळ वीतभर अंतरावर थांबला, कारण अर्डिथने दोन्ही हात वर केले होते. खुर्च्यांमधून कुणी उठलं नाही.

अर्डिथ गाडीला वळसा घालून चालकाच्या खिडकीपाशी आली. काच उघडी होती. ती त्याच्या खांद्याच्या अगदी जवळ उभी होती आणि तो उजव्या आरशात तिला शोधत होता. मग तिने खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि तो दचकला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

व्हर्लिनने इंजिन बंद केलं. "लेंटपासून. ईस्टरआधीचे उपवास सुरू झाले तेव्हापासून."

"मी तुझी ताटली फिरवत होते."

"माहीत आहे. मी फिरवू देत होतो."

"का रे?"

"तू फिरवायचीस तोवर मला माहीत नाही असंच धरून चाललं होतं. सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतली असती."

"मग यजमानकी संपली असती."

"आणि आज हायवेवर ट्रक अंगावर आला असता तर? कोरिन मागे बसली होती."

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पूर्ण मान वळवून. मग किल्ली काढून तिच्या हातात ठेवली, टोपी काढली आणि उतरला.

"मी आयुष्यात एकदाही मागे घेतलेला नाही," अर्डिथ म्हणाली.

"मी उभा राहतो ना."

तिने गाडी सरळ पुढे काढली. उलटा का होईना पण वळसा पुरा करून फाट्यावर नेली, फाटकाबाहेर वळवली आणि बाणाप्रमाणे पुन्हा आत घेतली. मी मागेच बसून होते. तेवढा वेळ व्हर्लिन रिकाम्या जागेत हातात टोपी घेऊन एकटा उभा होता. आम्ही परत आलो तेव्हा व्हर्जिल उठून त्याच्याकडे आला होता. तो त्याच्या डावीकडून गेला, कॉफीचा कप पुढे केला, व्हर्लिनने घेतला नाही. व्हर्जिल क्षणभर थांबला, त्याच्यामागून फिरून उजवीकडे आला आणि कप पुन्हा पुढे केला. तेव्हा घेतला. व्हर्जिल एवढंच म्हणाला, "चाळीस वर्षं ती तुला हात हलवून दाखवतेय, आता तुझी पाळी."

व्हर्लिन अर्डिथच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. त्या जागेवरून ट्रेलर त्याच्या उजव्या हाताला येत होता आणि त्याला सगळा दिसत होता. तो शांतपणे हात हलवत राहिला. अर्डिथचं चाक पुन्हा पुन्हा चुकीच्या बाजूला फिरत होतं. एकदा तिने खिडकीतून ओरडून सांगितलं की तुझा हात कळत नाही, तेव्हा तो म्हणाला, माझाही तुला बघून असाच गोंधळ व्हायचा, मी फक्त बोललो नाही. खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. शेवटी ट्रेलर जागेत गेला. वाकडाच गेला, पण गेला.

शॉना जवळ आली. तिने तब्येतीचं काही विचारलं नाही. सरपणाची छोटी गाडी कोण चालवणार, एवढंच विचारलं. अर्डिथ व्हर्लिनकडे बघत होती.

"अर्डिथ," व्हर्लिन म्हणाला. "मी शेजारी बसेन. मला या गाड्या आता चालवता येणार नाहीत. डावीकडचं दिसत नाही."

शॉनाने पाटी काखेतून काढून खांबाला लावली. नेहमी त्याचं नाव आधी असे. यंदाही तसंच होतं. तिने ती आधीच रंगवून आणली होती.

ट्रेलर वाकडा लागल्यामुळे पाण्याची नळी नळापर्यंत पुरली नाही. व्हर्जिलने आपली नळी जोडून दिली. संध्याकाळी टेबलावर अर्डिथने मांस-बटाट्याचं हॉटडिश वाढलं, डाव्या कडेला मुरवलेलं बीट. मी प्रार्थना म्हटली. आभार मानण्याजोगं त्या दिवशी बरंच होतं, पण मी नेहमीचीच म्हटली.

व्हर्लिनने उजवी बाजू संपवली. अर्डिथचा हात टेबलावर होता. तो तिथेच राहिला. मग व्हर्लिनने स्वतः ताटली धरून फिरवली आणि आत पाहिलं.

"बीट होय," तो म्हणाला, आणि ताटली परत होती तशी फिरवून ठेवली.