ओल्या रंगावरचा अंगठा

"हात लावू नकोस रे, ओलं आहे!"

ज्या गळ्यातून हा आवाज यायचा तो गळा जाऊन बारा वर्षं झाली. आवाज मात्र गेला नाही. निघायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखा तो सुकूदेच्या कानात पाय पसरून बसला होता, आणि सुकूदेने ब्रश उचलला रे उचलला की खाकरून तयार.

आवाज बाबांचा. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. निम्म्या गावाच्या भिंती त्यांच्या वळणदार अक्षरात लोकांना दटावत असत: थुंकू नये, टेकू नये, उगाच उभे राहू नये. त्यांच्या हातांना कायम सात रंग लागलेले. जेवायला बसले की बोटांकडे बघून कळायचं, आज कुठलं दुकान झालं.

सुकूदे दहा वर्षांचा होता तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी प्लास्टिकचं किट आणलं. पाण्यावर उतरणारं विमान. खोक्यावर निळ्या लाटा, पांढरे ढग. आत करड्या काड्यांच्या चौकटीला लगडलेले एकेचाळीस तुकडे. बाप-लेकांनी महिनाभर ते जोडलं. चिमट्याने उचलायचं, ब्लेडने काडीपासून सोडवायचं, श्वास रोखून चिकटवायचं. शिंक आली तर आधी उठून अंगणात जायचं आणि मग शिंकायचं, असा घरचा कायदा होता. शेवटी बाबांनी पंखांना रुपेरी रंग दिला, विमान कपाटावर ठेवलं, आणि हाताची सवय म्हणून शेजारी बोटभर पाटी रंगवून उभी केली: 'रंग ओला आहे. हात लावू नये.'

सकाळी उजव्या पंखावर अंगठा उमटलेला. अख्खा, रेघारेघांसकट.

घरात चौकशी बसली. माणसं तीन. एक न्यायाधीश, एक आरोपी, आणि आई दुधाच्या पातेल्यापाशी.

"हात दाखव."

त्याने दाखवला. स्वच्छ होता.

"म्हणजे धुऊन आलास. धुतलास म्हणजे लावलाच होतास!"

या वकिलीपुढे दहा वर्षांच्या जिवाने काय बोलावं? "नाही हो बाबा, आईशप्पथ नाही," तो म्हणाला. जिची शप्पथ घेतली ती दुधावरची नजर काढायला तयार नव्हती.

बाबांनी मारलं नाही, पुढे ओरडलेही नाहीत. विमान खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं, आणि त्या घरात दुसरं किट कधी आलं नाही. पोराच्या पदरी एवढंच पडलं: मी घाईचा, आणि वर खोटाही. किती वर्षं 'नाही लावला' म्हणायचं? म्हणता म्हणता त्याला स्वतःलाच शंका यायला लागली. लावावासा तर फार वाटला होता. लावलाही असेल. झोपेत लावला असेल.

आता तो एकसष्टचा. धंदा कवळ्या बनवण्याचा. दाताचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवत आणि हा त्यात मेण ओतून, दात बसवून, हिरड्यांना गुलाबी रंग चढवून माघारी धाडत असे. गावातले किती लोक त्याच्या दातांनी हसत, किती जण त्याच्याच दातांनी त्याची निंदा करत, याची मोजदाद नव्हती. आणि उरलेल्या वेळात किटं. पलंगाखाली किटं, कपाटात किटं, पाहुण्यांच्या गादीत किटं. जोडलेली विमानं एकोणीस, पण पुरं झालेलं एकही नाही. शेवटचा रंग दिला की हा लांबून बघत बसायचा. वाळला का विचारलं की म्हणायचा, "सुकू दे." महिन्याने विचारलं तरी, "सुकू दे जरा." म्हणून तर हे नाव. शिंप्याच्या माळ्यावर दर रविवारी किटं घेऊन जमणाऱ्या सात पिकल्या पोरांच्या मंडळाने ते ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की घरीसुद्धा चालायला लागलं.

"अहो, भिंतीचा रंग दुसऱ्या दिवशी वाळतो," बायको म्हणायची. ती टपाल कचेरीत शिक्के मारायची, एका ठोक्यात काम संपवायची सवय. "तुमचं विमान काय गर्भार आहे, नऊ महिने लागायला?"

आणि त्र्याऐंशी वर्षांची आई गॅलरीतल्या खुर्चीवरून ताल धरायची. तिला गोष्टीतून गाणं काढायची खोड होती:

"रंग वाळता वाळेना, लेक करितो राखण,
त्याच्या विमानाला बाई, धूळ घालिते लिंपण."

"आई, धूळ बसते कारण तुम्ही दोघी फडकं मारत नाही—"

"आम्ही? फडकं मारलं तर तूच बोंब ठोकतोस, ओलं आहे म्हणून!"

या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनाला शिंप्याने नवा फतवा काढला. गळ्यातल्या टेपने हवा मोजत म्हणाला, "नवं काही नको. प्रत्येकाने जन्मातलं पहिलं किट आणायचं. मोडकं, वाकडं, जसं असेल तसं. सुकूदे, तुला पळवाट नाही. एक्कावन्न वर्षांत वाळलं असेल ना रे?"

सगळे हसले. सुकूदेही हसला, पण घरी येऊन शिडी लावून माळ्यावर चढला आणि ते खोकं खाली घेऊन आला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, विमान टेबलावर होतं. पंख तसाच रुपेरी. अंगठाही तसाच. जसं असेल तसं न्यायचं? छे! मंडळातले सातही जण भिंग खिशात घेऊन जन्मलेले. 'हे काय रे?' म्हणून विचारतील. काय सांगायचं? त्याने ठरवलं होतं: उजवा पंख घासायचा, ठसा नाहीसा करायचा, वर ताजा रुपेरी रंग द्यायचा. आणि डाव्या पंखावर, जो तेव्हा राहूनच गेला, तो सात आकडा चिकटवायचा.

हा आकडा म्हणजे डेकल. कागदावर छापलेलं पापुद्र्यासारखं चित्र. पाण्यात भिजवलं की कागदापासून सुटतं, मग ओल्या बोटाने हळूच पंखावर सरकवायचं. खोक्यात दोन सात होते. एक पाण्याला लागताच राखेसारखा विरला. दुसऱ्यावर त्याने वार्निशचा हात फिरवून त्याला बळ दिलं आणि बेसिनवरच्या पेल्यात सोडला.

आता इथे एक सांगायला हवं. त्या पेल्यात दात होते. आई दुपारी पडायची तेव्हा तिची कवळी त्यात विसावायची. दुसरा कोणीही माणूस पेल्यात दात बघून दचकला असता. पण चाळीस वर्षं ज्याच्या टेबलावर, खिशात, चहाच्या कपाशेजारी दातच दात, त्याला पेल्यात दात असणं म्हणजे पेल्याला तळ असण्यासारखं होतं. त्याने पाणी बघितलं, पाणी पुरेसं होतं, आकडा सोडला आणि निघून आला.

आकडा भिजेपर्यंत घासायची जागा मोजावी म्हणून त्याने आपला अंगठा त्या ठशावर ठेवला.

बरोबर बसला. कडेला कड, टोकाला टोक. जणू खास माप घेऊन केलेला.

त्याने तो उचलून पुन्हा टेकवला, कितीतरी वेळा. म्हणजे झालं तर. एक्कावन्न वर्षांचा खटला मिटला. बाबा खरे, आपण खोटे. मग त्याने पॉलिश पेपर काढला, आणि घासायला पाणी हवं म्हणून पेला आणायला गेला. पेला होता. त्यात फक्त आकड्याचा मागचा कोरा कागद तरंगत होता.

मधल्या वेळात आई उठली होती. दात तोंडात घालून गॅलरीत गेली होती आणि खालच्या शेजारणीशी गप्पा मारताना खळखळून हसली होती.

"अहो आजी," शेजारीण वर बघून म्हणाली, "पुढच्या दातावर सात लिहिलंय!"

"असेल बाई. लेकाने केलेत. मोजून दिले असतील!"

आत सुकूदे चार पायांवर रांगत होता. बायको टॉर्च धरून मागे.

"केवढा आहे?"

"नखाएवढा. काळा. पाऊल जपून टाक!"

"मला बाई टपालात कधी असलं काही हरवत नाही. तिथे सगळं उशिरा का होईना, पण मिळतं."

तेवढ्यात आई दारात आली आणि दोघांना असं रांगताना बघून तिला हसू फुटलं. सुकूदेने मान वर केली. वरच्या ओळीत, पुढच्या दातावर, ताठ उभा, काळाभोर सात. जन्मात त्याने एकही आकडा इतका सरळ चिकटवला नव्हता.

"आई! हलू नकोस! जीभ लावू नकोस! हात लावू नकोस गं, ओलं आहे!"

बायकोच्या हातातला टॉर्च खाली आला. तो सूर, तो 'ओलं'वरचा झटका, ते शेवटी चढणं. बाबाच बोलले होते, लेकाचं तोंड वापरून.

आईचं हसू विझलं. ओठ मिटले. घट्ट.

"आई, उघड ना. दात काढून दे फक्त."

आईने मान हलवली. नाही.

"सासूबाई, पाणी देऊ का?"

नाही.

"अहो, तुम्ही खेकसलात त्यांच्यावर."

"मी कुठे खेकसलो? ते बाबा—" आणि तो थांबला. जमिनीवरच बसला. मग आईच्या गुडघ्यांशी बोलावं तसं बोलू लागला. "उद्या मांडायचंय गं ते. सात डावीकडे लावायचा. आणि उजवीकडचा तो ठसा घासून टाकायचा. माझाच आहे तो, आई. आत्ता अंगठा लावून बघितला, चोख बसला. तुझी खोटी शप्पथ घेतली मी. ते गेले तेव्हा उशाशी बसलो होतो, तरी मनात तेच घोळत होतं, यांना वाटतंय पोरगं खोटारडं. आणि तसंच होतं की. आता पुसतो. संपवून टाकतो एकदाचं."

आई विमानाकडे बघत होती.

तो उठला, टेबलापाशी गेला, पॉलिश पेपरची घडी केली आणि पंखाच्या कडेपासून सुरुवात केली. खस्स. रुपेरी भुकटी उडाली. खस्स. पेपर ठशाच्या पहिल्या रेघेपाशी आला.

त्याच्या मनगटावर आईचा हात पडला. त्र्याऐंशी वर्षांचा, पण पकड अशी की बंब उचलेल. दुसऱ्या हाताने तिने तोंडातली कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. सात वर, शाबूत. मग ती बोळक्या तोंडाने बोलायला लागली. शब्द हिरड्यांवरून घसरत होते, पण एकही खाली पडला नाही.

"लोकांच्या जबड्यांची मापं घेण्यात जन्म गेला ना रे तुझा? मग सांग, दहा वर्षांच्या पोराचा अंगठा केवढा असतो?"

सुकूदेने ठशाकडे बघितलं. आपल्या अंगठ्याकडे बघितलं. एकसष्ट वर्षांचा, जाडजूड, गुलाबी मेण नखात गेलेला अंगठा.

"एवढा?" आई म्हणाली.

बायको मागे उभी होती. तिने टॉर्च बंद केला.

"त्या सकाळी दूध तापायला ठेवलं होतं मी. हे आले कपाटापाशी. आपणच लिहिलेली पाटी वाचली, चांगलं झालंय अक्षर अशी मान हलवली, आणि वाळलं का बघायला अंगठा टेकवला. साऱ्या गावाला दटावणारा माणूस! मग वळून माझ्याकडे बघितलं त्यांनी. असं बघितलं रे, की मी दुधाकडे बघायला लागले."

"बाबांच्या हाताला रंग—"

"त्यांच्या हाताला नेहमीच सात रंग. आठवा कोण बघणार? तू तर बघितलाच नाहीस, आपलाच हात पालथा-उलथा करत राहिलास. संध्याकाळी सांगतो पोराला, म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, राग निवू दे. मग परीक्षा होऊ दे. मग लग्न होऊ दे. किटाच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, लाजेने. नवीन कुठून आणणार? आणि ते गेल्यावर मी सुरू केलं. आज नको, होऊ दे, राहू दे. तुला सुकूदे म्हणतात, पण ते नाव खरं आमचं दोघांचं."

तिने पॉलिश पेपर त्याच्या हातातून सोडवला आणि पदराच्या टोकाने पंखावरची भुकटी टिपली. ठशाला न लावता, कडेकडेने.

"हे घासू नकोस. तुझा नव्हे तो. तू हात लावलाच नव्हतास, बाळा. मी बघितलं होतं."