पिंजऱ्याखालचा नांगर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, पाण्यातला; होडी वाहून जाऊ नये म्हणून तळाशी रुतून बसतो ना, तो. लोहाराने मला एका मोडक्या यंत्राच्या दांड्यापासून घडवलं. चार वाकडे हात आणि एक लांब साखळी, एवढाच माझा संसार. दिसायला मी देखणा नाही, पण वजनदार आहे. त्या एका गुणावरच मला काम मिळालं.

माझा पहिला मालक मासेमार होता. तो मला तळ्यात सोडायचा, तेव्हा खाली सगळं लख्ख दिसायचं. पाणगवत डुलायचं, गोगलगायी माझ्या अंगावर चढून बसायच्या आणि एक मिशाळ मासा माझ्या सावलीत दुपार काढायचा. एकदा वादळात मी होडी धरून ठेवली, तेव्हा मालकाने घरी जाऊन मुलींना माझं कौतुक सांगितलं. लोखंड असूनही मी कितीतरी दिवस फुगून होतो.

तो गेल्यावर त्याच्या दोन मुलींनी मोठी होडी विकली आणि तळ्यात माशांचा पिंजरा बांधला. वर निळी पिंपं आणि फळ्या, खाली जाळं, आणि जाळ्यात बोटभर पिल्लं. पिंजरा हलू नये म्हणून मला त्याच्याखाली सोडलं. दोघींचं पोट आता त्या पिंजऱ्यावर होतं. वरचं बोलणं मला साखळीतून ऐकू यायचं.

थोरली मोठ्या मनाची. तिच्या दारातून कुणी उपाशी जात नसे, मग मासे कसे उपाशी राहतील? खाद्याच्या गोळ्या ती टोपली टोपलीने ओतायची. मासे खायचे तेवढे खायचे आणि उरलेल्या गोळ्या जाळ्यातून निसटून माझ्यावर पडायच्या. सुरुवातीला मला गंमत वाटली. खालच्या मंडळींची चंगळच झाली. मग ढीग साचला, खाणारे थकले आणि गोळ्या कुजू लागल्या.

त्या कुजलेल्या खाद्याचा आणि माशांच्या विष्ठेचा कस पाण्यात उतरला आणि त्यावर शेवाळ माजलं. पाणी आधी पोपटी, मग गर्द हिरवं झालं. काठावर येणारे म्हणायचे, काय सुंदर रंग आहे! थोरलीला वाटायचं, तळं बाळसं धरतंय. खाली मात्र भर दुपारी अंधार होता. पाणगवत उन्हावाचून मेलं. मेलेलं शेवाळ थराथराने खाली येई आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकी. माझ्या अंगावरच्या गोगलगायी एकेक करून सुटून पडल्या. मला श्वास घ्यावा लागत नाही, तरी मला गुदमरल्यासारखं झालं.

मग मासे खाईनासे झाले. धाकटी म्हणाली, "ताई, राहू दे आज. तोंडही लावत नाहीयेत."

"आजारी माणूस नको म्हणतंच. म्हणून काय समोरचं ताट उचलायचं?" थोरली म्हणाली, आणि तिने दुसरी टोपली ओतली.

मी हादरलो तो तेव्हा. इतक्या प्रेमाने कुणी इतका घात करू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढे वारा पडला, आभाळ भरून राहिलं; ना लाटा, ना ऊन, त्यामुळे पाण्यात नवा प्राणवायू येईना. आणि एका सकाळी तळ्यातले खेकडे भराभर काठावर चढू लागले. लोकांनी हसत हसत बादल्या भरल्या. आज तळ्याने घरपोच दिलं, असंही कुणीतरी म्हणालं. अहो, ते पळत होते! घर पेटल्यावर माणसं बाहेर पडतात तसे ते जीव घेऊन बाहेर पडत होते, आणि हे एकालाही कळू नये?

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा पिंजऱ्यातले सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पिंजऱ्याबाहेरचेही तसेच. मिशाळ माझ्या सावलीतून वर गेला होता, तो परतला नाही.

दोघींनी मला वर ओढलं. माझ्या हातांना काळा, सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा गाळ लागला होता. कुणा वैऱ्याने विष कालवलं, असं थोरली पुन्हापुन्हा म्हणत होती. धाकटीने गाळात बोटं घालून फुगलेल्या गोळ्या काढल्या आणि थोरलीच्या तळहातावर ठेवल्या. "हे आपलंच आहे, ताई."

थोरलीने एक गोळी बोटांत चुरडून पाहिली. "मी एक दिवस उपाशी ठेवलं नाही गं त्यांना," ती म्हणाली.

पण पोट कुणाला चुकलंय? पिंजरा ओढत तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. तिथलं पाणी अजून निवळ आहे. नवी पिल्लं आली, मीही पुन्हा खाली गेलो. थोरलीने बहिणीला शब्द दिला होता की मूठभरच टाकायचं, ते खाऊन होईपर्यंत बघायचं आणि मगच पुढची मूठ. बरेच दिवस तिने तो पाळला.

आज पुन्हा ढगाळ आहे. मासे सुस्त आहेत. थोरली म्हणते आहे, किती वाळलीत गं बिचारी. धाकटी म्हणते आहे, आधीचं संपू दे. आणि ही बघा, एक गोळी माझ्याशेजारी येऊन पडली. ही दुसरी. आता तर मोजताही येईनात.

मित्रांनो, पाण्यात टाकलेलं नाहीसं होत नाही, ते खाली आमच्याकडे येतं. मी तळाशी आहे आणि मला तोंड नाही. तुम्ही काठावर आहात. तिचा हात धरा. लवकर धरा.