होडीवालीची खोली

रोज सकाळी मी होडीवालीच्या मागच्या भिंतीला पालथा हात लावायचे. भिंत गार लागली की खिडक्या बंद, बरी लागली की अर्धा तास उघड्या. होडीवाली म्हणजे आमच्या संग्रहालयातलं सगळ्यात जुनं चित्र. एक बाई एकटीच होडी वल्हवते आहे. झाडलोट आणि राखण माझ्याकडे आल्यापासून एकवीस वर्षांत तिच्या रंगाचा एक टवका उडाला नव्हता.

सून म्हणायची, "आई, आपल्या मोरीची भिंत फुगलीये, तिला कधी हात लावता का?"

"तिच्याकडे बघायला तू आहेस की," मी म्हणायचे.

मग चित्रं तपासायला नव्या बाई आल्या. त्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत. रंगाला न शिवता आतलं दाखवणारं एक मशीन त्यांना हवं होतं. अशा मशीनला पैसे देणारी एक संस्था होती, तिला संग्रहालयाच्या साहेबांनी होडीवालीच्या नावानं अर्ज केला. महिन्याभरात तो परत आला.

डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं, "चित्राचं नुकसान पहिल्या पायरीवर आहे. मदत तिसऱ्या पायरीपासून मिळते."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच घात केला. "मावशी, तुम्ही फारच जपलंत हो तिला."

"चुकलंच माझं."

"चिडू नका. महिनाभर खिडक्या लावायला विसरा, एवढंच. थोडी ओल धरली की फोटो काढू. एकदा मशीन आलं, की करू बरी."

"म्हणजे थर्मामीटर मिळावा म्हणून पोराला ताप आणायचा?"

"साहेब, मशीन बरं करत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसतं दाखवतं."

"दाखवलं तरी पुष्कळ!"

दिवसभर फरशी पुसताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडक्या लावायला मी विसरले नाही, तर साहेब स्वतः त्या उघड्या टाकतील, हे मला कळत होतं. संध्याकाळी मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, ताप आणायला कशाला हवा? तापानं फणफणलेला माणूस आपल्या घरातच आहे."

ही इमारत बांधणारे थोरले मालक. त्यांची रंगवलेली तसबीर 'जागा अडते' म्हणून साहेबांनीच तळघरात ठेवली होती, गळक्या नळाखाली. अर्धं नाक गळून पडलं होतं. तिचा फोटो संस्थेकडे गेला, नुकसान चौथ्या पायरीवर ठरलं, आणि अभिनंदनाच्या पत्रासकट पैसे मंजूर झाले.

मशीन आलं, बरोबर ते बसवणारा माणूसही आला. त्यानं खोलीखोलीत ओल मोजायचं यंत्र धरून पाहिलं आणि होडीवालीच्या खोलीत थांबला.

"मशीनला ओल, धूळ काही चालत नाही. अशी खोली मी कुठंच पाहिली नाही. कोण सांभाळतं?"

"आमच्या मावशी!" साहेब छाती फुगवून म्हणाले.

खोली मशीनची झाली. थोरले मालक उपचाराला वर आले.

"आणि होडीवाली?" मी विचारलं.

"तात्पुरती तळघरात. मालकांची जागा रिकामीच आहे."

डॉक्टरबाई थंडपणे म्हणाल्या, "दोन वर्षांत गाठेल तिसरी पायरी."

"बघा!" साहेब खुलले. "मग तिच्या नावानं आणखी एक अर्ज!"

तळघराची किल्ली माझ्याकडेच असते. होडीवालीला मी खाली नेलं, रजिस्टरात आवक लिहिली, सही केली. अक्षरं मी पन्नाशीत शिकले, पण सही झोकात करते. मग मागच्या जिन्यानं तिला वर आणलं आणि माझ्या झाडूंच्या खोलीत टांगलं. खोली टीचभर, पण कोरडी ठणठणीत.

डॉक्टरबाई दुपारचा चहा हल्ली तिथंच घेतात. आल्या की आधी भिंतीला पालथा हात लावतात.

साहेब तळघरात उतरत नाहीत, त्यांना ओल बाधते. अधूनमधून जिन्यावरूनच विचारतात, "काय मावशी, आली का तिसरी पायरी?"

"हळूहळू चढतेय, साहेब. वय झालंय तिचं."