शिट्टी वाजल्यावर

हिरवी प्लास्टिकची क्लिप, करंगळीच्या नखाएवढी. सुतळी आणि टोमॅटोचं खोड तिच्या चिमटीत एकत्र धरायचं, जरा जास्त दाबलं की खोड चिरडतं... यामनाच्या अंगठ्याला हे न बघता कळतं, त्यामुळे डोळे मोकळे राहतात आणि नको तिकडे जातात – शेजारच्या ओळीत, जिथे परवापर्यंत इत्तो उभी असायची.

तिथेच ती कोसळली. पानं अजून फवारलेल्या औषधानं ओली होती, तरी मुकादम युसेबियोनं सगळ्या बायकांना पॉलिहाऊसमध्ये घातलं. बाहेर स्पेनमधल्या आल्मेरियाचं ऊन, वर ताणलेलं प्लास्टिक, आत ती कडू वाफ – पोरीच्या तोंडाला फेस आला. दवाखान्यात नेलं तर काम कुठे करते ते विचारतील, म्हणून युसेबियोनं तिला गाडीत घातलं आणि गावाबाहेरच्या बसथांब्यावर, बाकावर निजवून तो परत आला. उशाशी पाण्याची बाटली ठेवून. त्या बाटलीचाच यामनाला सगळ्यात जास्त राग आला होता. नुसतं टाकून आला असता तर निदान जनावर म्हणता आलं असतं... बायकांनीच तिला तिथून उचलून आणलं. काल संध्याकाळी झोपडीत इत्तो भिंतीकडे तोंड करून पडली होती, उजेड सोसत नव्हता. म्हणाली, "मावशी, तपासणीवाले आले तर कुणीतरी सांगा गं माझं." कुणीतरी. यामनानं तिच्या अंगावरची चादर तेवढी नीट केली.

बोलायची सवयच कुठे राहिली होती? स्ट्रॉबेरीच्या हंगामापुरता परवाना घेऊन ती मोरोक्कोहून बोटीनं आली, हंगाम संपला, बाकीच्या परतल्या, ही राहिली – आणि तेव्हापासून रस्त्याच्या कडेकडेनं चालायचं, दुकानात हळू बोलायचं, खोकलासुद्धा ओढणीआड. मालक दर हंगामात म्हणायचे, यंदा गुमान राहा, पुढच्या खेपेला तुझ्या कागदांवर सही करतो. आणि मी गुमान राहिले. इतकी, की मागच्या तपासणीला ओढ्यातल्या बोरूच्या बनात पालथी पडले होते तेव्हा कानात मुंगी शिरली, तरी हात उचलला नाही. नंतर सगळ्या हसल्या. मीही हसले...

दोन आखूड शिट्ट्या – तपासणीची गाडी आल्याची खूण.

ओळी भराभर रिकाम्या झाल्या. मागचं प्लास्टिक वर झालं, पाठी वाकल्या, बायका ओढ्याकडे धावल्या. रकिया अर्ध्यातून परत आली.

"यामना, गाडी आलीय! उभी काय राहिलीस?"

"तू हो पुढे."

"वेड लागलं का बये? तुझे कागद –"

"कुठले कागद?"

रकियानं तिच्याकडे पाहिलं आणि ती पळाली.  यामनानं सुतळी धरून ठेवली. वाटलं, अजून वेळ आहे, ते प्लास्टिक चार ढांगांवर आहे...

"ए, तुला वेगळं आमंत्रण द्यायचं का?" युसेबियो धापा टाकत समोर आला. "चल, मागून नीघ."

"नाही जात."

"उद्या बोटीत बसवतील. मग बसशील रडत."

"बसवू देत."

"मालकांनी तुझं एवढं केलं, आणि तू –"

"इत्तोचंही केलं त्यांनी. बाकावर निजवलंत ना तुम्ही?"

त्याचा हात वर आला. पण तेवढ्यात दारातून पावलं वाजली आणि तोच हात त्यानं केसांवरून फिरवला. एक प्रौढ बाई आत आली, चष्मा पुसत. तो हसून म्हणाला, "मॅडम, ही आमच्या मालकांची पाहुणी. सहज शेत बघायला आली."

बाईनं यामनाच्या मनगटापर्यंत हिरव्या-काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"पाहुणीला बरंच कामाला लावलंत," ती म्हणाली. मग यामनाकडे वळून, "इथे किती जण काम करता?"

बोरूच्या बनात आता सगळ्या श्वास रोखून असतील. रकियाची दोन लेकरं तिकडे मोरोक्कोत तिच्या आईकडे... ज्याचं त्यानं ठरवायचं. मी उभी राहिले म्हणून त्यांना उठवायचा हक्क मला कुणी दिला?

"माझं विचारा," ती म्हणाली. "आणि इत्तोचं. तिनं सांग म्हटलंय. बाकी कुणाचं मी बोलणार नाही."

"विचारते. पण तुमच्या कागदांचं मी काही वचन देऊ शकत नाही, हे आधीच सांगते."

"मी मागितलं कुठे?"

हे आपणच बोललो? आवाज वरच्या प्लास्टिकला जाऊन भिडल्यासारखा झाला. युसेबियो खाली बघत होता. भीती होतीच, रोजच्यासारखी. ती जायची वाट बघत आपण इतकी वर्षं थांबलो, असं काहीसं यामनाच्या मनात आलं, आणि राग आला, आणि त्या रागात एक विलक्षण हलकेपणाही होता... ती बोलू लागली. स्पॅनिशची क्रियापदं चुकत होती, काल आणि उद्या एकमेकांत मिसळत होते, एरवी ती अशा वेळी ओशाळून गप्प झाली असती. आज तिनं एकही वाक्य मागे घेतलं नाही. बाईच्या चेहऱ्यावर काय उमटतंय, हेही ती बघत नव्हती.